तोंडात घालायला सगळ्यात जड गेलेला पदार्थ (शीर्षक बदललंय, कारण खाली प्रतिसादांत आहे)

किनारा (धागाकर्ती)

मंडळी, गेल्या फेब्रुवारीत कामासाठी तीन आठवडे आईसलँडला होते. तिकडच्या जुन्या पंचांगात जानेवारीच्या शेवटी थोर्री नावाचा महिना सुरू होतो आणि त्या महिनाभर थोर्राब्लोत नावाची जेवणं असतात, म्हणजे पूर्वी ऐन हिवाळ्यात ताजं काही मिळायचं नाही तेव्हा जे खारवून, वाळवून, ताकाच्या निवळीसारख्या आंबट पाण्यात मुरवून ठेवलेलं असायचं ते सगळं एकत्र बसून खायचं. एका सहकाऱ्याच्या आईने मला मुद्दाम घरी बोलावलं, ऐंशीच्या घरातली बाई, इंग्रजी अगदी थोडं. ताटात मेंढीचं अख्खं मुंडकं अर्धं चिरून, वाळवलेला मासा आणि त्यावर लोणी, रक्ताचं सॉसेज, आणि एका झाकणाच्या डबीत पांढरट पिवळे चौकोनी तुकडे, चीजसारखे दिसणारे. ते हाकार्ल. ग्रीनलंड शार्कचं मांस.

झाकण उघडलं आणि डोळ्यांतून पाणीच आलं. सार्वजनिक मुतारीचा वास, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे, आजीबाईंचं तर फारच. घातला तुकडा तोंडात. पहिल्यांदा काहीच नाही, मग चावल्यावर तो वास घशाकडून नाकात चढला आणि पोटातून उमाळा आला, पण त्याच क्षणी मला माझी वेंगुर्ल्याची आजी आठवली. मोरी, म्हणजे आपल्याकडची शार्क, घरी आणली की ती आईला ओरडून सांगायची, "मोरी बरी धुव गो, वास मारता तिका." तो हाच वास! शंभर पटीने जास्त, पण हाच. ओळखीचा निघाला म्हटल्यावर घसा मोकळा झाला आणि गिळला मी तो तुकडा. दुसरा पण घेतला. वरून त्यांची शहाजिऱ्यासारख्या वासाची ब्रेनिव्हिन नावाची दारू असते ती छोट्या पेल्यात देतात, ती मात्र नको म्हटलं.

आजीबाईंनी माझा हात धरून काहीतरी म्हटलं, मुलाने सांगितलं की ती म्हणतेय, बाहेरून आलेल्यांपैकी दुसरा तुकडा मागणारी तू पहिली.

तर तुमचे अनुभव सांगा. काय खाल्लं, कोणी वाढलं आणि ते खाली कसं उतरलं.

आंबेहळद

बापरे. मोरी आमच्याकडे पण होते पण असा वास कधी जाणवला नाही. ताज्या मोरीला येतो का?

किनारा

ताज्या मोरीला नाही येत, निदान फार नाही. दुपारी उशिरा बाजारात राहिलेली मोरी असेल तर येतो. म्हणूनच मोरी घ्यायची तर सकाळीच.

कथील

किनाराताई, वास ओळखीचा वाटला त्याला कारण आहे. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो म्हणून सांगतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात अंगातलं पाणी टिकवायचं तर शरीरात काहीतरी विरघळलेलं ठेवावं लागतं, शार्क त्यासाठी युरिया साठवते, रक्तात आणि मांसात सुद्धा. मासा मेला की जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात. मोरी काय आणि हाकार्ल काय, दोन्हीकडे तेच. ग्रीनलंड शार्कमध्ये त्याच्या जोडीला ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य खूपच असतं, त्यामुळे तिचं ताजं मांस विषारी, खाल्लं तर माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. म्हणून ते लोक ते वाळूत पुरून वर दगड ठेवायचे, सहा ते बारा आठवडे, त्यातलं पाणी निथळून जायचं, आणि मग चार पाच महिने वाऱ्यावर टांगून ठेवायचं. म्हणजे सडवलेलं मांस असं लोक म्हणतात ते अर्धंच खरं, विष काढून टाकायची ती पद्धत आहे. हे ज्यांनी पहिल्यांदा शोधलं असेल त्यांनी किती उपाशी दिवस काढले असतील ते बघा.

आता माझा अनुभव. मी शाकाहारी, मुलीकडे फिनलंडला दोनदा राहून आलो, तांपेरेला. तिथे साल्मियाक्की नावाची काळी गोळी मिळते, ज्येष्ठमधाची असते पण साखरेबरोबर त्यात अमोनियम क्लोराइड घालतात. नातवाने प्रेमाने माझ्या तोंडात घातली. जिभेला आधी खारट, मग करकरीत तिखटसं, मग नाकात असा झणका की मी खुर्चीतून उठलो. आणि अमोनियम क्लोराइड म्हणजे काय, तर आपला नवसागर! आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा, भाता मारून भांडं लाल तापवायचा, कथील लावायचा आणि कापसाच्या बोळ्याने नवसागर फिरवला की पांढऱ्या धुराचा लोट उठायचा. आम्ही पोरं तो धूर नाकात घ्यायला मुद्दाम जवळ जाऊन बसायचो आणि आई मागून हाका मारत असायची. साठ वर्षांनी तो धूर मला गोळीतून मिळाला. दुसऱ्या खेपेला येताना मी दोन पाकिटं घेऊन आलो, इथे कोणी खात नाही, मी रोज जेवणानंतर एक खातो. (रक्तदाब असणाऱ्यांनी ज्येष्ठमध बेताने खावं, मला डॉक्टरांनी सांगितलंय त्यामुळे एकच.)

दोन_नद्या

कथीलकाका, कल्हईचं वाचून एकदम तो वास आला. माझ्या नावावर एवढंच, सिंगापूरला ड्युरियन. मेट्रोत ड्युरियन न्यायचं नाही अशी पाटी असते. स्टॉलवर उभं राहूनच खाल्लं, वास सडलेल्या कांद्याचा आणि आतून गर मात्र कस्टर्डसारखा गोड. मला आवडलं, नवऱ्याला अजून आठवलं तरी मळमळतं.

भुईकोहळा

मी जपानमध्ये चार वर्षं होतो, इबाराकी प्रांतात. मितो हे शहर तिथलंच, नात्तोचं माहेर म्हणतात तसं. नात्तो म्हणजे सोयाबीन वाफवून त्याच्यावर जंतूंचं विरजण लावून साधारण दिवसभर उबेला ठेवायचं, पूर्वी भाताच्या पेंढ्यात बांधून ठेवायचे, पेंढ्यातच ते जंतू असतात. तयार झालं की दाणे चिकट होतात आणि काड्यांनी उचललं की तार सुटते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, हातभर लांब.

आता आपल्या घरात तार सुटली म्हणजे काय, हे सगळ्यांना माहितीये. उन्हाळ्यात दुपारची उसळ रात्री उघडली आणि पळीला तार आली की आई काही न बोलता ती टाकून द्यायची. म्हणजे माझ्या डोक्यात वीस बावीस वर्षं तार = टाका हेच कोरलेलं. आणि इथे कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सकाळी सगळे तीच तार अगदी मन लावून घोटतायत, कारण जितकं जास्त घोटाल तितकी चव चांगली, आणि मग ती पिवळी मोहरी आणि सोया सॉस घालून गरम भातावर. वास मोज्यांचा असतो म्हणतात लोक, मला तो जुन्या गोठ्यातल्या ओल्या पेंडीचा वाटला, वाईट नाही वाटला. तारच गिळता येईना. पहिले तीन वेळा मी जिभेवर घेऊन परत वाटीत ठेवलं, शेजारच्या वयस्कर बाईंना वाईट वाटलं ते दिसत होतं आणि मला त्याचं अजूनही वाईट वाटतं.

शेवटी जमलं ते असं, की मी त्यात बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची घातली आणि वरून तेलात हिंग मोहरीची फोडणी. तारा कमी होतात फोडणीने. त्या बाईंनी माझ्या वाटीतलं चाखून बघितलं आणि फोडणी कशी करायची ते लिहून घेतलं.

शाकाहारी लोकांसाठी महत्त्वाचं: नात्तो शाकाहारी पण पाकिटासोबत जी सॉसची पुडी येते तिच्यात बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, ती टाकून साधा सोया सॉस घ्या. आणि ज्यांना वॉर्फरिनची (रक्त पातळ ठेवायची) गोळी चालू आहे त्यांनी नात्तो अजिबात खायचं नाही, त्यात व्हिटॅमिन के प्रचंड असतं आणि गोळीचं काम होत नाही.

पळसपान

भुईकोहळा, वाटीत परत ठेवण्याचं वाचून माझं पण आठवलं. एमबीबीएसनंतर मी एक वर्ष गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला होते. पलीकडे बस्तर. तिथल्या एका आठवडी बाजारात गेलो होतो दवाखान्यातल्या ताईंबरोबर, तिथे बायका पानाच्या द्रोणात लाल मुंग्या विकायला बसलेल्या, अंड्यांसकट, काही अजून हलत असलेल्या. चापडा म्हणतात. ताईंनी एक द्रोण घेतला, घरी नेऊन पाट्यावर मिरची, लसूण, आलं, मीठ घालून वाटला आणि भातावर मला वाढला.

मी डॉक्टर, मी प्रेतं चिरलेली, पण त्या चटणीत एक पाय दिसत होता त्याच्याकडे बघून माझा हात पुढे जाईना. ताई म्हणाल्या, "मॅडम, डोळे मिटून नका खाऊ, बघूनच खा, नाहीतर रोज डोळे मिटावे लागतील." मग बघून खाल्ली. आंबट! लिंबू किंवा कच्च्या चिंचेसारखी, एकदम स्वच्छ आंबट, ते मुंगीतलं फॉर्मिक ॲसिड. तिथल्या उन्हात डोकं जड झालेलं असताना ती चटणी आणि भात असं काही तोंडाला चव आणतं की काय सांगू. ताप आला तर त्या मुंग्या चावून घेतात तिकडचे लोक, ते मात्र करू नका, मलेरियाचा भाग आहे तो, तपासणी करा.

हीच मुंगी ओडिशातल्या मयूरभंजच्या चटणीत असते, तिला जानेवारी 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. मला फार आनंद झाला होता ती बातमी वाचून, ताईंना फोन केला लगेच.

किनारा

पळसपान, या आमच्याकडच्या हुमल्याच असणार, आंब्यावर पानं शिवून घरटं करतात त्या. लहानपणी आंबे काढायला चढलं की अंगभर चावायच्या. खातात हे माहीतच नव्हतं!

पळसपान

हो त्याच, पानं शिवणाऱ्या. अळ्यांच्या तोंडातून येणाऱ्या रेशमाने शिवतात.

ज्वारीचं_कणीस

धागा सगळा वाचला. एक बोलायचंय, राग मानू नका. शीर्षकात "किळसवाणा" लिहिलंय ते मला खुपलं.

मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे बकरं कापलं की मान धरणाऱ्याच्या आधी माझी आजी परात घेऊन बसलेली असायची, परातीत थोडं मीठ टाकलेलं. रक्त त्यात धरायचं, दहा पंधरा मिनिटांत ते खरवसासारखं घट्ट बसतं, मग सुरीने त्याच्या वड्या पाडायच्या, उकळत्या पाण्यातून काढायच्या आणि कांदा, लसूण, लाल तिखटात परतायच्या. रक्ती. मऊ, कलेजीसारखी चव. मटणाचे वाटे होईपर्यंत दुपार व्हायची, मटण शिजून आमच्या ताटात यायला संध्याकाळ, आणि तोपर्यंत आम्हा पोरांच्या पोटात काय जायचं तर ही रक्ती आणि भाकरी. घरात वाटा छोटा यायचा त्या वर्षी तर रक्तीच मोठी होती. वजडी, खुरं, मुंडी, यातलं काही टाकलं जायचं नाही कारण टाकण्याइतकं कधी नव्हतंच.

पुण्यात हॉस्टेलला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात गप्पांत सहज रक्तीचं बोललो. टेबलावरचे दोघं उठून गेले. नंतर वर्षभर त्यांच्यातला एक माझ्या ताटाशेजारी बसायचा नाही. तेव्हापासून मी घरी काय खायचो ते कॉलेजात कोणाला सांगितलं नाही, आज पंधरा वर्षांनी इथे लिहितोय. तुमच्या धाग्यातला हेतू चांगला आहे हे दिसतंय, तुम्ही दुसरा तुकडा मागितला ते मला फार आवडलं. पण त्या शब्दाखाली माझ्या आजीची परात येते एवढंच सांगायचं होतं.

किनारा

दादा, तुमचं बरोबर आहे. मी विचार न करता लिहिलं तो शब्द. त्या म्हाताऱ्या बाईंनी हे वाचलं असतं तर त्यांनाही तसंच वाटलं असतं, हे मला तुमचं वाचल्यावर लक्षात आलं. शीर्षक बदललंय आत्ता. जड गेलं ते माझ्या घशाला, पदार्थाचा त्यात काय दोष. आणि तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. त्या ताटात रक्ताचं सॉसेज होतं ते मी न विचारता खाल्लं, छान लागलं. रक्ती मिळाली तर नक्की खाईन.

कथील

ज्वारीचं कणीस, तुमचा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. तांपेरेच्या बाजारात मुस्तामाक्कारा म्हणून रक्ताचं काळं सॉसेज मिळतं, त्या गावाची ओळखच ती, वर लाल आंबट लिंगनबेरीचा मुरंबा. जावई शनिवारी सकाळी रांगेत उभा राहून आणतो. मी खात नाही पण त्या रांगेत कोणी कोणाच्या शेजारून उठून जात नाही.

वडाची_पारंबी

मी लीड्सला असते. इथे सकाळच्या मोठ्या नाश्त्यात अंडी, बेकन, बीन्स यांच्या शेजारी ब्लॅक पुडिंगची काळी चकती असते, डुकराचं रक्त, ओट्स, चरबी, मसाला. चांगल्या हॉटेलात पांढऱ्या रुमालावर देतात. कणीस दादा, हॉस्टेलमधला तो मुलगा आता कुठे परदेशात असेल तर कदाचित तेच खात असेल.

ज्वारीचं_कणीस

धन्यवाद सगळ्यांना. हलकं वाटलं. आजी मागच्या वर्षी गेली, परात माझ्याकडे आहे.

लाजाळूचं_झाड

माझं उलटं आहे, इथे लिहू का? मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ. घरमालकीण खालीच राहायच्या. वरणाला फोडणी दिली की त्या वर येऊन विचारायच्या की ड्रेनेज तुंबलंय का. तीन वेळा त्यांनी प्लंबर बोलावला. शेवटी मी हिंगाची डबी खाली नेऊन दाखवली, त्यांनी हुंगली आणि तोंड फिरवलं. हिंगाचं जर्मनमधलं जुनं नावच टॉयफेल्सड्रेक, म्हणजे सैतानाची विष्ठा. मला त्या दिवशी इतकं रडू आलं, कारण माझ्यासाठी तो वास म्हणजे शाळेतून घरी आल्यावर दारातच कळायचं की आज आमटी आहे. तेव्हापासून फोडणी खिडकी उघडून, थंडीत सुद्धा. तुम्ही सगळे हाकार्ल आणि नात्तोबद्दल लिहिताय तेव्हा मी त्या डबीच्या दुसऱ्या बाजूला उभी आहे असं वाटतं.

भुईकोहळा

लाजाळू, हे वाचून गलबलून आलं. आणि माझ्या नात्तोतली तार हिंगानेच तोडली होती. डबी तीच.

आंबेहळद

ठाण्याहून. परदेशात कशाला, शेवळं कोणी खाल्लीत? पहिल्या पावसानंतर येतात, जांभळट तपकिरी दांडे, रानसुरणाच्या जातीतले. नीट केली नाहीत तर घशाला अशी खाज सुटते की पाणी पिऊन, ताक पिऊन काही जात नाही, कारण आत सुईसारखे बारीक कॅल्शियम ऑक्झलेटचे कण असतात ते टोचतात. लग्नानंतर सासूबाईंनी पहिल्या पावसाळ्यात केली, मी घाबरतच खाल्ली कारण माहेरी देशावर हे नावही माहीत नव्हतं. त्या काकडं घालतात, काकडी नव्हे हां, काकडं म्हणून छोटी आंबट फळं शेवळांच्या जुडीबरोबरच आदिवासी बायका विकतात, त्यांचा रस घातला की खाज मरते. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायची, तेलात भरपूर परतायची, मग काकडांचा रस आणि सोडे किंवा खिमा. पहिल्या वर्षी मी दोन घास खाल्ले आणि रात्रभर घसा खवखवतो का ते बघत जागी होते. काही झालं नाही. आता सासूबाईंचे हात थरथरतात तर चिरायचं काम माझ्याकडे आणि त्या शेजारी बसून "पिवळं काढलंस का" एवढंच विचारतात, प्रत्येक दांड्याला.

किनारा

किती सुंदर लिहिलंयस आंबेहळद.

कणीस दादांनी खरवसाचं लिहिलं त्यावरून आठवलं, एक सांगायचंच राहिलं. हाकार्लनंतर त्या आजीबाईंनी एक पांढरी थरथरती वडी वाढली, वर दालचिनी आणि साखर. आब्रिस्तिर. नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या दुधाचं, म्हणजे चिकाचं! तिथल्या एका परदेशी पाहुण्याने चीक म्हणजे काय ते कळल्यावर चमचा खाली ठेवला होता. मी वाडगा पुसून खाल्ला. वेलदोडा आणि गूळ नव्हता एवढाच फरक. मी त्यांना फोनवर आपल्या खरवसाचा फोटो दाखवला तर त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि गाय कशी दिसते ते विचारलं, मग गायीचा फोटो शोधावा लागला, वशिंड बघून त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

आणखी एक मनात राहिलंय. परत आल्यावर वाचलं की ही ग्रीनलंड शार्क फार जगते, 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी डोळ्यातल्या भिंगावरून अंदाज काढला की कमीत कमी 272 वर्षं. मी खाल्लेला तुकडा कदाचित पेशवाईत जन्मलेल्या जिवाचा असेल. हे आधी कळलं असतं तर दुसरा तुकडा मागितला असता का, मला सांगता येत नाही.

कथील

तिथे आता मुद्दाम फार पकडत नाहीत असं ऐकलंय, दुसऱ्या माशांच्या जाळ्यात आलेल्याच बऱ्याचशा वापरतात. तरी तुमची हुरहुर समजते.

दोन_नद्या

किनारा, मोरीची कृती टाक ना. माझ्या जावेला बाळंतपणानंतर दूध कमी येतंय, मोरीचं सार देतात म्हणे.

किनारा

हो, आमच्याकडे बाळंतिणीला देतातच, औषध म्हणून किती उपयोग होतो ते डॉक्टर सांगतील पण आजी द्यायची. सकाळीच आण, हुंगून घे, वास असला तर घेऊच नकोस. मोरीची कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत असते, त्यावर कढत पाणी ओत आणि सुरीच्या पाठीने खरवडून काढ. तुकडे करून मीठ आणि हळद लावून दोन तीन पाण्यांनी धू, शेवटचं पाणी स्वच्छ निघालं पाहिजे. मग भाजलेलं खोबरं, कांदा, धणे, मिरी, लवंग, थोडी बडीशेप यांचं वाटप, मालवणी मसाला बाळंतिणीला कमी घाल, आणि दोन आमसुलं. काटे नसतात, मधे कुर्चा असतो तो मऊ होतो. फार ढवळू नकोस, तुकडे मोडतात.

दोन_नद्या

उद्याच बाजारात बघते. इकडे मुशी म्हणतात ना?

किनारा

हो, लहान असली की मुशी. लहानच घे.